वाढत्या मापाची सायकल

ईरा आणि निहार, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. तुम्हाला मराठी कळतं पण वाचता येत नाही, म्हणून हे तुमच्या बाबाने तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचं आहे. मधले काही परिच्छेद त्याला गाळावेसे वाटतील. त्याने ते गाळू नयेत. ते त्याच्यासाठीच आहेत.

आत्ताच का, तेही सांगते. गेल्या रविवारी फोनवर तुम्ही मला दुकानातल्या दोन सायकली दाखवल्यात. एक लाल, लहान. एक निळी, मोठी. ईरा सहा वर्षांची आहे. लाल सायकलीवर बसल्यावर तिचे दोन्ही तळवे जमिनीला टेकले आणि ती हसली. निळीवर बसवलं तेव्हा बाबाने मागून सीट धरली होती, आणि तिच्या पायांचे अंगठे हवेत जमीन शोधत होते. तेव्हा ती हसत नव्हती. तुमचा बाबा म्हणाला, "आई, निळीच घेतो. लाल काय, पुढच्या वर्षी लहान होईल." मी घेऊ नकोस म्हटलं. आवाज चढला असावा, कारण तो हसून म्हणाला, "अगं, सायकलच तर आहे." त्यावर मी फोन बंद केला. तुम्हाला वाटलं नेट गेलं. नेट गेलं नव्हतं.

इकडे देवासला नवरात्र आहे. देवीच्या टेकडीकडे जाणारा रस्ता पहाटेपासून अनवाणी माणसांनी भरून जातो, आणि भोंग्यांमुळे दुपारची झोप मिळत नाही. पाऊस उघडला आहे. आजूबाजूच्या शेतांतून सोयाबीन निघालं, त्याची धूळ माझ्या खिडकीच्या गजांवर बसते आणि मी ती रोज सकाळी पुसते. पण सकाळच्या हवेत आता तो पातळ गारवा आला आहे, दसऱ्याच्या आधी माळव्यात येतो तो. माझ्या आधी तो माझ्या डाव्या कोपराला कळतो. हा कोपर पूर्ण सरळ होत नाही. निहारने एकदा विचारलं होतं, आजी, तू हात असा का धरतेस, जणू काखेत पुस्तक आहे? मी तेव्हा म्हटलं, सवय आहे. ते खोटं होतं.

मी नऊ वर्षांची होते. आम्ही धारला राहत होतो. संस्थान विलीन होऊन चार वर्षं झाली होती, आणि माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, तेच काम त्याच कचेरीत दुसऱ्या सरकारसाठी करत होते. आईला आम्ही माळव्यातल्या पद्धतीने जीजी म्हणत असू. धाकटा भाऊ वसंता पाच वर्षांचा. आमच्या आळीतली शाळा चौथीपर्यंत होती. पाचवी गावाच्या दुसऱ्या टोकाला, मुलींच्या मोठ्या शाळेत, आणि इंग्रजी तिथे पाचवीपासून. पूर्वी त्या शाळेची एक दमणी असे. पडदा लावलेली बैलगाडी, आत दोन बाकं, पुढे गाडीवान आणि मागे चालणारी एक बाई, जी प्रत्येक दारात उभी राहून मुलींना हाका मारी. माझी पाळी येईपर्यंत ती दमणी बंद झाली होती. का, ते मला कुणी सांगितलं नाही. बैल म्हातारे झाले, म्हणे.

म्हणून जुलैपासून मी शेजारच्या कुसुमताईच्या सोबतीने चालत जाऊ लागले. ती सातवीत होती. रस्ता दीड मैलाचा, तलावाच्या कडेने. वाटेत ती मला इंग्रजी अक्षरं शिकवी. पावसाने भिजलेल्या भिंतीवर बोटाने काढून दाखवी, आणि आम्ही पुढे गेलो की ती वाळून जात. भाद्रपदात तिचं लग्न ठरलं. दुसऱ्या दिवसापासून तिची शाळा सुटली, आणि तिच्याबरोबर माझी सोबत. एकट्या मुलीने गावातून जायचं नाही, हे आमच्याकडे कुणी बोलून दाखवत नसे, इतकं ते ठरलेलं होतं. मी पंधरा दिवस घरी बसले. पाटीवर एबीसीडी लिहून पुसत बसले. जीजीला वाटे मी खेळते आहे. मी खेळत नव्हते. मला भीती वाटत होती की ही अक्षरंही भिंतीवरच्या अक्षरांसारखी वाळून जातील.

तेव्हा अण्णांनी ठरवलं की मला सायकल घ्यायची.

ही गोष्ट लहान नव्हती, आणि मी अण्णांवर अन्याय करणार नाही. आमच्या आळीत एकाही मुलीकडे सायकल नव्हती. बायकांनी सायकल चालवलेली लोकांनी वर्तमानपत्रातल्या चित्रात पाहिली होती तेवढीच. एकटी चालत जाता येत नाही, पण सायकलवर कोण अडवणार, असा अण्णांचा हिशेब होता. लोकांनी त्यांना सुधारक म्हटलं. ते सुधारक होतेच. त्यामुळेच मला त्यांच्यावर रागवायला फार वर्षं लागली. वाईट माणसाचा राग लगेच येतो. चांगल्या माणसाचा राग यायला आधी स्वतःशी भांडावं लागतं.

सायकल घ्यायला मला कुणी नेलं नाही. मी घरी होते, पाटीशी. नंतर अण्णांनी तो प्रसंग आल्यागेल्याला इतक्या वेळा सांगितला की मला तो पाहिल्यासारखा आठवतो. दुकानदाराने चोवीस इंची, दांड्याची, पुरुषांची सायकल बाहेर काढली आणि विचारलं की कुणासाठी. मुलीसाठी म्हटल्यावर तो म्हणाला, "बाबूजी, बच्ची को तो बड़ी पड़ेगी." त्यावर अण्णा म्हणाले, "भिया, बच्ची बड़ी होगी. साइकल थोड़ी बड़ी होगी." दुकानात सगळे हसले. घरी सगळे हसले. दसऱ्याला सोनं द्यायला आलेले पाहुणे हसले. मीही हसले असेन.

एका बाबतीत अण्णा बरोबर होते. सायकल वाढत नाही.

आमच्या घरात मापाचं काहीच येत नसे. हे फक्त आमच्या घरात नव्हतं, पण मला आमचंच घर माहीत. शिंप्याला सांगायचं ते ठरलेलं: वाढत्या अंगाचं शिव. फ्रॉकला खाली चार बोटं दुमड, कमरेला दोन दाब, खांद्याला टाके. दरवर्षी दिवाळीच्या आधी जीजी ब्लेडने एक दाब उसवी आणि तिथलं कापड बाकीच्या फ्रॉकपेक्षा नवं, गडद निघे, पट्ट्यासारखं. माझ्या अंगावर माझं वय असं पट्ट्यापट्ट्यांनी दिसत असे. बूट घेतले तर पुढे कापूस कोंबायचा. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत. माझं सगळं बालपण पुढच्या वर्षाच्या कपड्यांत गेलं. आणि ते पुढचं वर्ष येई तेव्हा फ्रॉक अंगाला नीट बसे, पण तोपर्यंत तो विटलेला असे, काखेत फाटलेला, आणि कुणी म्हणे, आता हा टाका, नवा शिवू. वाढत्या अंगाचा.

सायकल घरी आली ती दसऱ्याच्या दोन दिवस आधी. माजघरात उभी केली, वर जुनं लुगडं टाकलं. पूजा झाल्याशिवाय बसायचं नाही. शस्त्रं, वह्या, अण्णांचा टाक आणि शाईची दौत, जीजीची विळी, आणि यंदा सायकल. मी रात्रंदिवस तिच्याभोवती फिरत होते. लुगड्याखालून रबराचा आणि तेलाचा वास येई. एकदा मी लुगडं वर करून तिच्या शेजारी उभी राहिले. दांडा माझ्या छातीला लागला. छातीला, कमरेला नाही. मी स्वयंपाकघरात गेले. जीजी भुट्टे किसत होती. त्या दिवसांत रोज भुट्ट्याचा कीस असे आमच्याकडे, दुधात शिजवलेला, मोहरी-मिरचीच्या फोडणीचा. मी म्हटलं, "जीजी, ही मला मोठी आहे."

"पूजा होऊ दे. मग बघू."

दसऱ्याला झेंडूची माळ घातली, हँडलवर हळदीकुंकू, मागच्या मडगार्डवर स्वस्तिक. मग मला बसवायचा समारंभ झाला. अण्णांनी उचलून सीटवर ठेवलं. पायडल माझ्या पायांपासून वीतभर खाली होतं. मी तिथे बसून राहिले, हरताळका मखरात ठेवतात तशी, आणि लोक टाळ्या वाजवत होते. उतरल्यावर मी पुन्हा जीजीला म्हटलं, बदलून आणा. जीजीने अण्णांकडे पाहिलं. अण्णा समजुतीच्या सुरात म्हणाले, "पूजा झालेली वस्तू परत करतात का, बाळ?"

पूजेच्या आधी बसून पाहायचं नाही. पूजेनंतर परत करायची नाही. मग पाहायचं केव्हा? मधली जागाच कुणी ठेवली नव्हती. कुणी दुष्टपणा केला नाही. देवापुढे दिवा लावून, माझ्या कपाळाला कुंकू लावून, गोड खायला घालून सगळ्यांनी मिळून मला त्या सायकलीला बांधलं.

आणि एक गोष्ट मला नंतर कळली. जीजीने बोलण्याच्या ओघात सांगितली, तिला त्यात वावगं काही वाटत नव्हतं. सायकल दांड्याची घेतली ती वसंतासाठी. तो मोठा झाला की त्याला होईल. म्हणजे मी आज लहान होते, आणि पुढे मुलगी राहणार होते. ती सायकल मापाची होईल असा एकही दिवस माझ्यासाठी नव्हता.

तरीही मी शिकले. शाळा पाहिजे होती. माळव्यातली सगळी लहान पोरं मोठ्या सायकली कैंची चालवतात तशी मीही चालवली. दांड्याखालच्या तिकोनातून उजवा पाय पलीकडच्या पायडलवर घालायचा, उजवा हात सीटला मिठी मारल्यासारखा, डावा हात हँडलवर, आणि सगळं अंग सायकलीच्या बाहेर एका बाजूला लोंबतं. पायडल पूर्ण फिरत नाही. अर्धं खाली, अर्धं वर, खटक खटक. आळीतली पोरं म्हणत, छिपकली चाल्ली. फ्रॉक चेनमध्ये अडके. पोटऱ्यांवर काळ्या तेलाचे पट्टे उमटत. सकाळी तलावावर धुकं असे, बायका घाटावर कपडे आपटत आणि तो आवाज पाण्यावरून उशिराने येई, आणि मी ओट्यापासून पिंपळापर्यंत, पिंपळापासून ओट्यापर्यंत लोंबत जात असे. त्यात आनंद नव्हता असं म्हटलं तर तेही खोटं होईल. वारा कानाला लागे. आठव्या दिवशी मी कुणी न धरता वळले. अण्णा ओट्यावरून म्हणाले, "बघितलंत? मोठी काय नि लहान काय. जिद्द पाहिजे."

जिद्द. मोठ्यांना माप घ्यायचा कंटाळा आला की ते मुलांकडे जिद्द मागतात.

दिवाळीच्या आधी चार दिवस शाळा होती. पहिले तीन दिवस मी गेले आणि आले. चौथ्या दिवशी तलावाकडच्या उतारावर सायकल माझ्यापुढे पळाली. कैंचीत ब्रेक एकाच हाताने लावायचा असतो, डाव्या, आणि माझी बोटं त्या दांडीपर्यंत पुरत नव्हती. मूठ हँडलभोवती जेमतेम बसे. उतारावर पाय काढून उडी मारता येत नाही, कारण पाय तिकोनात असतो. समोरून तिरला गावाकडून कापसाच्या गाड्या येत होत्या, एकामागे एक, वरपर्यंत भरलेल्या, दोन्ही बाजूंनी पांढरा कापूस लोंबत होता. मी गाडीवानाचं तोंड पाहिलं. तो उभा राहिला होता. हातभर मागे गेले असते तर कापसात पडले असते. मी चाकावर पडले. चाकाच्या मधल्या तुंब्यावर डावा कोपर.

मला दुखल्याचं आठवत नाही. आठवतं ते हे की माझ्या तोंडात कापूस होता, आणि दप्तरातली इंग्रजीची वही बैलाच्या पायांत उघडी पडली होती.

हाड एका पहिलवानाने बसवलं, त्या काळी तेच करत. त्याने चांगलं बसवलं नाही. घरी माणसं येत राहिली. माझ्या उशाशी बसून, माझ्यादेखत, मुलीच्या जातीला सायकल कशी झेपत नाही ते बोलत राहिली. समोरच्या काकू म्हणाल्या की आधीच सांगणार होते. कोणीही, एकाही माणसाने, सायकलकडे बघितलं नाही. ती ओट्याखाली उभी होती, स्वस्तिक अजून पुसलं नव्हतं, आणि तिला काहीही झालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी अण्णा माझ्याजवळ बसले. त्यांचे डोळे सुजले होते. ते म्हणाले, "चूक माझी झाली." मी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ते म्हणतील, बदलून आणतो. ते म्हणाले, "मुलीच्या हातात सायकल द्यायलाच नको होती."

मुलांनो, तुमच्यापैकी कुणी मोठेपणी कधी चूक कबूल केलीत तर नीट बघा की चूक कोणती होती. माझ्या वडिलांनी रडत रडत भलतीच चूक कबूल केली, आणि तिची भरपाई म्हणून माझी शाळा बंद केली.

ती दिवाळी मला वासांनी आठवते. हाताला बांधलेल्या आंबेहळदीचा वास, अनारशांचं तूप, बाहेर पोरांच्या फटाक्यांची दारू. मी ओट्यावर बसून पाटीवर उजव्या हाताने लिहायचं म्हटलं तर पाटी धरायला डावा हात नव्हता. पाटी सरके. अक्षरं वाकडी जात. मी पाटी भिंतीला टेकवून, गुडघ्याने दाबून लिहिलं.

भाऊबीजेला यमूआत्या आली. अण्णांची धाकटी बहीण, देवासला दिलेली. तिथल्या मुलींच्या शाळेत ती शिकवी, आणि तिचं तोंड फाटकं आहे असं सगळे म्हणत, ती नसताना. तिने आल्याआल्या माझा हात पाहिला, मग बाहेर जाऊन सायकल पाहिली. सायकलीशेजारी मला उभं केलं. रांगोळीच्या पाटावर अण्णांना बसवून ओवाळलं, सुपारी फिरवली, आणि तबक हातात तसंच धरून उभी राहिली.

"दादा, या वर्षी ओवाळणी मी मागू का?"

"माग की. लुगडं आणलंय मी तुला, पण माग."

"लुगडं राहू दे. ही पोर दे. आणि ती सायकल दे."

अण्णा हसायला गेले आणि थांबले, कारण ती तबक खाली ठेवत नव्हती. निरांजन जळत होतं. बहीण ओवाळून उभी आहे आणि भाऊ नाही म्हणतो, हे आमच्या घराण्यात झालेलं नव्हतं, आणि ते तिला पक्कं माहीत होतं. जीजी दाराआड रडायला लागली. अण्णा म्हणाले, मुलीचं ठीक आहे, पण ती सायकल पूजेची आहे. आत्या म्हणाली, "पूजा सायकलीची झाली, दादा. मापाची नाही झाली."

ज्या रीतींनी मला बांधलं होतं त्यातल्याच एका रीतीने तिने मला सोडवलं. मला हे अजून आवडत नाही. माझ्या सुटकेसाठी साधं कुणी म्हणायला हवं होतं की ही मुलगी आहे, हिला शिकायचं आहे. ते पुरलं नसतं. निरांजन लागलं.

आम्ही देवासला मोटारीने आलो, सायकल टपावर बांधून. हात बरा व्हायला पौष उजाडला. बरा म्हणजे जेवढा झाला तेवढा. मग आत्या मला टेकडीखालच्या गफूर मिस्त्रींकडे घेऊन गेली. थंडी कडक होती. दुकानापुढे कोणीतरी टायर जाळून शेकत होतं. मिस्त्री म्हातारे होते, एका डोळ्याने अधू. त्यांनी सायकल पाहिली, मला पाहिलं, आणि आत्याला म्हणाले, "बेनजी, पेलां छोरी के नापो, फेर साइकल के. तम तो उल्टा चाल्या." म्हणजे आधी पोरीचं माप घ्यायचं, मग सायकलीचं.

त्यांनी मला भिंतीला पाठ लावून उभं केलं. बूट काढायला लावले, त्यातला कापूस बाहेर पडला, तो त्यांनी उचलून बाजूला ठेवला. खिशातून सुतळी काढली आणि आत्याच्या हातात दिली. जांघेपासून टाचेपर्यंत आत्याने धरली, मिस्त्रींनी गाठ मारली. मग मला पंजा उघडायला सांगितला आणि अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत दुसरी गाठ. ती ब्रेकसाठी. नऊ वर्षांत माझं माप जसं आहे तसं, एक बोटही पुढचं न धरता, पहिल्यांदाच कुणी घेत होतं. मी रडले. मिस्त्रींना वाटलं हात दुखला.

चोवीस इंची त्यांनी ठेवून घेतली, आणि आठ दिवसांत जुन्या सामानातून एक अठरा इंची जोडून दिली. चाकं वेगवेगळ्या जन्माची, रंग मारलेला हिरवा, वाळून खडबडीत झालेला. दांडा तिरपा, खाली उतरलेला. मी बसले. दोन्ही तळवे टेकले. बोटांनी ब्रेक ओढला आणि तो लागला. एवढंच. ईरा, लाल सायकलीवर तू हसलीस ना, तेच हसू मी ओळखलं.

त्या मोसमातलं बाकीचं माझ्याजवळ तुकड्यांनी आहे. शाळेच्या वाटेवरचे हरभऱ्याचे घाटे. हँडल इतकं गार की आत्या मोज्यांचे तळ कापून हातात घालायला देई. पाठीमागे कुणीतरी रोज ओरडे, "ए मराठनबाई, टांगा कर लो", आणि मी घंटी वाजवून पुढे जाई. मार्चमध्ये परीक्षा झाली. इंग्रजीत मला वर्गात सर्वांत जास्त गुण होते, आणि ते मी कुणालाही नम्रपणे सांगितलं नाही.

संक्रांतीला अण्णा आम्हाला भेटायला आले होते. तिळगूळ घेऊन, शंभर वेळा माझा कोपर चाचपून. आत्याने मला सांगितलं, चालवून दाखव. मी दाखवलं. गल्लीच्या टोकाला गेले, वळले, उतारावरून आले, आणि त्यांच्या पायांपुढे ब्रेक दाबून थांबले. मला वाटत होतं, आता. आता यांना दिसेल.

अण्णांनी सायकलीकडे कौतुकाने पाहिलं आणि म्हणाले, "छान. पण यमू, दोन वर्षांत लहान होईल गं ही."

"होऊ दे, दादा," आत्या म्हणाली. "तोवर हिची दोन वर्षं शिकून झालेली असतील."

अण्णांना कळलं की नाही, मला माहीत नाही. मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. वसंताला बारा वर्षांचा असताना सायकल मिळाली. नवी. दुकानात त्याला नेलं होतं.

आता तुमच्या बाबाला गाळावासा वाटेल तो परिच्छेद. त्याला पहिलीत बूट घेतले ते मी घेतले. एक नंबर मोठे. पुढे कापूस मीच घातला, या हातांनी, नीट गोळे करून. शाळेच्या शर्यतीत तो अर्ध्यावर बूट गळून मागे राहिला, आणि घरी आल्यावर मी म्हटलं, जिद्द पाहिजे. हे मी म्हटलं. इंग्रजी शिकलेली, कपाटातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावणारी, सगळं मोजून-मापून करणारी मी. माझा कोपर तेव्हाही वाकडाच होता. म्हणून रविवारी माझा आवाज चढला, बाळा. निळी सायकल तू माझ्याकडूनच शिकलास. राग तुझ्यावर अर्धाच आहे.

तेव्हा आज संध्याकाळी ईराला भिंतीशी उभं कर. बूट काढ. एक दोरी घे आणि तिच्या पायाचं माप घे, आजच्या पायाचं. तिचे दोन्ही तळवे टेकले पाहिजेत, बोटं ब्रेकला पुरली पाहिजेत. पुढच्या वर्षी लहान होईल, हे मला माहीत आहे. मग कुणाला तरी देऊन टाका आणि पुन्हा माप घ्या. तिला विचारा. पूजा नंतर करा.

अण्णा गेले, जीजी गेली, आत्या गेली. हिरवी सायकल मी बारा वर्षांची झाल्यावर आत्याने तिच्या एका विद्यार्थिनीला दिली, आणि तिच्याकडून ती कुठे गेली ते मला ठाऊक नाही. चोवीस इंची कोण चालवत होतं तेही ठाऊक नाही. गफूर मिस्त्रींची सुतळी माझ्या टेबलाच्या डाव्या खणात, एका पाकिटात आहे. तिला दोन गाठी आहेत. दोन्ही घट्ट आहेत.